सैल पडायला लागणारा वेळ

"मॅडम, ही तर पहिलवान निघाली!" सूक्ष्मदर्शकातून मान वर न काढता मी म्हणालो.

हृदयाच्या एकेका पेशीचा जोर मोजणं हे माझं काम. शस्त्रक्रियेत काढलेला हृदयाचा कणभर तुकडा आमच्या प्रयोगशाळेत येतो. त्यातली एक पेशी सोडवायची, दोन बारीक काचेच्या सुयांमध्ये चिकटवायची, विजेचा हलकासा झटका द्यायचा आणि आकसताना ती सुई किती ओढते ते बघायचं. सव्वीस वर्षं हेच करतोय. घरचे मला अर्धा डॉक्टर म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, तो मान मी मिरवत आलो.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम शेजारी येऊन पडद्यावरची रेघ बघू लागल्या. "जोर आहे हो. पण सुटते कधी ते बघा."

रेघ झटकन वर गेली होती. खाली यायला मात्र रेंगाळत होती. मी पेशी जरा ताणून पाहिली. ताठच्या ताठ, हटून बसलेली.

"आकसता येतं, पण सैल पडता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "सैल पडलं नाही तर हृदयात रक्त भरणार कसं? अशा माणसाला चार पायऱ्या चढल्या की धाप लागते. आणि तपासणीत पंपिंग उत्तम! मग बाई असली की घरचे म्हणतात, नाटकं करते."

मी सुई नको तेवढी ओढली आणि पेशी तुटली. "असू द्या, दुसरी लावू," मॅडम म्हणाल्या. पण मी खुर्ची मागे सरकवली.

दोन वर्षांपूर्वी थोरल्या बहिणीनं, ताईनं, तिचा रिपोर्ट माझ्यापुढे धरला होता. "बघ रे, जिना चढवत नाही मला." मी एकच आकडा पाहिला. पंपिंग साठ टक्के, म्हणजे उत्तम. "ताई, घोड्याचं हृदय आहे तुझं! आळस सोड आणि जिना चढ." सगळ्यांसमोर बोललो. भावोजी खो खो हसले. तेव्हापासून ती दम खायला थांबली की घरात कोणीतरी म्हणायचंच, "अर्धा डॉक्टर काय म्हणाला होता?" तिनं तक्रार करणंच सोडलं. रिपोर्टमध्ये खाली हृदय सैल पडण्याबद्दलच्या आणखी चार ओळी होत्या. रोज जे मोजतो, ते सख्ख्या बहिणीचं वाचलं नाही मी!

फोनमधला तो रिपोर्ट उघडून त्या ओळी वाचल्या, तेच लिहिलं होतं, आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिच्याकडे गेलो. ताई ओल्या कपड्यांची बादली घेऊन जिना चढत होती. मी बादली हिसकावून घेतली आणि तिथंच पायरीवर सगळं सांगून टाकलं. चुकलो म्हणालो. उद्याच मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ म्हणालो.

"बरं होतं का रे ते?"

"आणखी बिघडू नये म्हणून औषधं आहेत. पण जे ताठ झालंय ते तसंच राहणार."

ती रडेल, निदान चार शिव्या तरी घालेल असं वाटलं होतं. श्वास जुळेपर्यंत ती कठड्याला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी सोंग करत नव्हते?"

"नाही गं, ताई."

"आत तुझे भावोजी आहेत. सूनबाईपण आहे. चल, तेव्हा बोललास तेवढ्याच मोठ्यानं सांग."

मी सांगितलं. भावोजी खाली बघत राहिले. ताई खुर्ची ओढून सगळ्यांच्या मधोमध बसली.

"परत सांग," ती म्हणाली.