तेवीस चॅनलचा रेडिओ

एकोणीसशे सत्त्याहत्तरच्या वसंतात नेब्रास्कात दोनच प्रकारची माणसं उरली होती: गाडीत सीबी रेडिओ असलेली, आणि माझे वडील. ट्रकवाल्यांचं हे खूळ तोवर शेतकऱ्यांकडे, पाद्र्याकडे, आमच्या दातांच्या डॉक्टरकडेही पोचलं होतं. माईकचं बटण दाबायचं, खरं नाव न सांगता टोपणनाव सांगायचं आणि दहा-बारा मैलांतल्या कुणाशीही बोलायचं. बोलण्यासारखं कुणाकडेच काही नव्हतं, पण त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं.

"मला ज्याच्याशी बोलायचंय त्याच्याशी मी कुंपणावरून बोलतो," वडील म्हणायचे.

कुंपणापलीकडे त्यांचा धाकटा भाऊ डेल्मर राहायचा. त्याच्याशी ते दोन वर्षं बोलत नव्हते. आजोबांचा जुना ट्रॅक्टर काकांनी न विचारता भंगारात विकला होता. ट्रॅक्टर एकसष्टपासून बंद होता आणि वडील तो दुरुस्त करणार होते. चौदा वर्षं ते करणारच होते.

एप्रिलमध्ये एका सोमवारी बातमी आली की काका शेत विकून आयडाहोला मेहुण्याकडे चाललेत, बटाट्याच्या धंद्यात. शनिवारी सकाळी निघणार. मंगळवारी वडील कर्नीला गेले आणि रेडिओ घेऊन आले.

"आता चाळीस चॅनलवाले निघालेत," ते म्हणाले. "म्हणून तेवीसवाला स्वस्तात देत होते."

कुणी काही विचारलं नव्हतं. काकांच्या पिकअपमध्ये तीन वर्षांपासून रेडिओ होता, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. आईने माझ्याकडे बघितलं आणि ती बटाटे सोलत राहिली.

मी त्या वर्षी तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन, म्हणजे बेकार होऊन, घरी आले होते. त्यामुळे माहितीपुस्तक वाचायचं काम माझ्याकडे आलं. बुधवारी आम्ही रेडिओ डॅशबोर्डखाली पट्टीने टांगला. लाल वायर फ्यूजमधून बॅटरीला, काळी गाडीच्या पत्र्याला. अँटेनाशिवाय बटण दाबू नका, रेडिओ जळेल, असं पुस्तकात तीनदा लिहिलं होतं. मी ते तीनदा वाचून दाखवलं.

"तुझ्या कॉलेजात एवढंच शिकवलं का गं?"

"नाही बाबा. बाकीचं याहून निरुपयोगी होतं."

गुरुवारी अँटेना. ती नुसती लावून भागत नाही, जुळवावी लागते. त्यासाठी एक मीटर असतो. तुम्ही बोललेल्यातलं किती बाहेर गेलं आणि किती तुमच्यावरच उलटलं, ते त्याचा काटा सांगतो. दीडच्या आत असेल तर उत्तम. तीनच्या वर गेला तर गप्प बसावं. असा मीटर आमच्या घराण्यात दोन पिढ्या आधी यायला हवा होता. आता तो आईने "कुणाकडून तरी" आणला होता. मागच्या बाजूला खिळ्याने कोरलेली काकांची आद्याक्षरं, डी. एस., वडिलांनी वाचली आणि मीटर सुलटा ठेवला.

काटा तीनच्या वर.

"अँटेना लांब झालीय," वडील म्हणाले आणि पक्कड घेऊन पाव इंच तुकडा तोडला. काटा हलला नाही. आणखी पाव इंच. काटा तिथेच.

"बाबा, पुस्तकात लिहिलंय की अँटेनाच्या बैठकीखालचा रंग खरवडायचा. धातूला धातू लागला पाहिजे."

"नव्या रंगाच्या गाडीला मी चाकू लावणार नाही."

"मग तोडत राहा," आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली. "शनिवारपर्यंत दात कोरायची काडी उरेल. तिने बोल आयडाहोपर्यंत."

आयडाहोचं नाव घरात पहिल्यांदाच मोठ्याने निघालं होतं. वडिलांनी पक्कड पेटीत टाकली आणि न जेवता झोपायला गेले.

शुक्रवारी सकाळी मी उठले तेव्हा वडील अंगणात होते. अँटेना उतरवलेली, आणि छपराच्या कडेला डॉलरच्या नाण्याएवढा गोल उघडा पत्रा चकाकत होता. शेजारी निळ्या रंगाचा चुरा पडला होता. अँटेना बसवली. तोडलेल्याची भरपाई म्हणून ती खोबणीतून थोडी वर सरकवून स्क्रू आवळला. काटा एक पूर्णांक चार दशांशावर आला.

"बारा मैल," वडील म्हणाले. "चौदासुद्धा."

शनिवारी आठ वाजता काकांचा पिकअप आणि मागे बांधलेली ट्रॉली आमच्या फाटकासमोरून गेली. काकांनी हॉर्न वाजवला नाही, वडिलांनी मान वर केली नाही. त्यांची गाडी महामार्गाला लागल्यावर वडील आमच्या पिकअपमध्ये जाऊन बसले. मी शेजारी बसले. त्यांनी माईक उचलला, ठेवला, परत उचलला.

"कुणी ऐकतंय का? नवा रेडिओ आहे. आवाज कसा येतोय?"

नव्या माणसाने असं विचारायचं आणि ऐकणाऱ्याने आपल्या रेडिओवरचा आकडा सांगायचा, शून्य ते नऊ, ही रीत. थोडा वेळ नुसती खरखर.

"लंगडा कोंबडा बोलतोय. नऊ. खणखणीत येतोय. आपलं टोपणनाव?"

वडिलांनी ते ठरवलंच नव्हतं. त्यांनी काचेतून बाहेर बघितलं.

"कुंपणाचा खांब."

"वा. कुणी बसवला रेडिओ?"

"मीच. आपण कुठे निघालात?"

"आयडाहोला."

"तिकडे थंडी फार असते म्हणतात."

"बायकोने सगळ्या गोधड्या घेतल्यात. आठ आला आता तुमचा."

वडिलांनी गाडी सुरू केली. ते घरातल्या चपलांवरच होते. "चालत्या गाडीतही तपासावा लागतो," ते मला म्हणाले आणि महामार्गाला समांतर जाणाऱ्या खडीच्या रस्त्याने पश्चिमेला निघाले.

"कोंबडा, मागे कोण राहिलं तुमचं?"

"भाऊ आहे एक." खरखर. "त्याचा ट्रॅक्टर विकला मी. विचारलं नाही."

"चालू होता?"

"छे. एकसष्टपासून बंद."

वडिलांनी बराच वेळ बटण दाबून धरलं. मग म्हणाले, "मग विकायलाच हवा होता."

मध्येच एक ट्रकवाला घुसला. "अहो, तुम्ही दोघं भाऊच ना? आवाज तर एकच आहे."

"चॅनल मोकळा ठेवा," दोघंही एकदम म्हणाले.

पुढे ते बोलले ते बियाण्यांविषयी, वाऱ्याविषयी आणि ट्रॉलीच्या डाव्या टायरविषयी, ज्यात हवा कमी आहे हे मान वर न करताही वडिलांनी पाहिलं होतं. आता खिशातल्या फोनवरून मी आयडाहोला हवं तेव्हा बोलू शकते. इतकं लक्ष देऊन मात्र कुणी कुणाचं ऐकत नाही.

"सहा," काका म्हणाले. थोड्या वेळाने, "चार."

"तुमचाही चार."

खडीचा रस्ता नदीच्या बांधाशी संपला. वडील माईक घेऊन चपलांतच बांधावर चढू लागले, माईकची वळणदार वायर पुरेना तसे खाली उतरले आणि गाडीच्या दारात उभे राहिले.

"दोन," खरखरीतून आलं. आणि मग वडिलांचं खरं नाव, "ऑर्विन, तो छपरावरचा रंग..." पुढचं खरखरीत गेलं.

"डेल, एक येतोय तुझा," वडील म्हणाले. "एक."

उत्तर आलं नाही. पुढच्या वळणावर पोलीस आहेत, असं एक ट्रकवाला दुसऱ्याला सांगत होता. वडिलांनी ते सगळं नीट ऐकून घेतलं आणि मगच गाडी वळवली.

घरी आई फाटकात उभी होती. "काय म्हणाला?"

"नऊ म्हणाला," वडील म्हणाले. "निदान सुरुवातीला."