शिवेवरचं कुंपण

रानम्हशीला कुंपणात वगार झाली, तेव्हा रेंजर दादाजी दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. आनंद झाला की या माणसाची वाचा बसायची. तिसऱ्या दिवशी त्यांनी चांद्याला साहेबांकडे कळवलं: मादी पिल्लू, उभं राहिलं, दूध पितं. एवढंच.

त्या एवढ्याशा निरोपामागे बरीच धडपड होती. चांदा जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या जंगलात एके काळी रानम्हशींचे कळप इतके होते, की धान पिकू लागलं की गावं रात्रभर डबे वाजवत. मग शिकारी आले, जंगल तोडून धानाच्या बांध्या झाल्या, आणि आता एकच कळप उरला होता, नदीच्या पलीकडच्या बांबूत. दादाजींनी तो स्वतः पाहिला होता. त्यात म्हाताऱ्या म्हशी जास्त आणि पिल्लं नव्हतीच म्हणावीत इतकी. हा कळप असाच सोडला तर आपल्या डोळ्यांदेखत संपेल, असं त्यांनी वरती कळवलं. थोडी जनावरं धरावीत, कुंपणात वाढवावीत, वाढली की परत रानात सोडावीत. वरून होकार आला. कोसमगुडा गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याकाठी, सागाच्या बल्ल्या रोवून कुंपण उभं राहिलं. डबे वाजवत हाका करून एक रेडा आणि दोन म्हशी आत घेतल्या. तिसरी म्हैस दोराला झगडून जागीच मेली होती. तिच्याबद्दल दादाजी कधी बोलत नसत.

छप्पन सालच्या नोव्हेंबरात जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. राज्य बदललं, साहेब बदलले. नव्या साहेबांनी निरोप धाडला की होळीनंतर येऊन पाहतो. वगार जगलेली दिसली, तर पलीकडचा उरलेला कळपही आत घ्यायचा. नाहीतर कुंपण मोडायचं आणि बल्ल्या लिलावात काढायच्या. म्हणजे सगळं त्या भुऱ्या, लांब कानांच्या, अजून पाय फाकून उभ्या राहणाऱ्या पिल्लावर येऊन ठेपलं होतं.

गडचिरोलीहून गुरांचे डॉक्टर बापूजी वगार पाहायला आले. सायकल कुंपणाला टेकवून ते म्हणाले, "दादाजी, बाळंतिनीले डिंकाचे लाडू देल्ले का नाई?"

"तुमचीच वाट पाहून राह्यलो. डॉक्टरनं चाखल्याशिवाय कसे देऊ?"

बापूजी हसले. मग बल्ल्यांच्या फटीतून बराच वेळ आत पाहत राहिले. वगार आईच्या पोटाखाली शिरत होती आणि रेडा दूर, नाल्याच्या चिखलात, नाक वर धरून वारा हुंगत होता.

"पलीकडचा कळपबी आत आनतो म्हनता," बापूजी म्हणाले.

"बाहेर त्याले कोन राखते?"

"कोनी नाई राखत, हे खरं आहे. पन सारी एका जागी बांधली का रोगाले पायपीट करा लागत नाई." त्यांनी सायकल सरळ केली. "मूल गावच्या बाजारातून बुळकांड्या निघाला आहे. दोन गावं खाली आला. तुमच्या कोसमगुड्यात मी टोचाले आलो होतो, तर अर्धी गुरं यायनं रानात लपवली. टोचल्यानं म्हैस आटते म्हने."

"याइले टोचता येईल?" दादाजींनी आत बोट केलं.

"रानम्हशीले कोनी टोचलं नाई आजवर. बांधून टोचाल तर त्या तिसरीसारखं होईल. अन हे पिल्लू त्या औषधानंच जाईल. राखा. दुसरा उपाय नाई."

दादाजींनी राखायचं ठरवलं, आणि राखणं हे त्यांना जमणारं काम होतं. गावची गुरं नाल्यावर येऊ नयेत म्हणून वरच्या अंगाला दोन पहारेकरी बसवले. गावाकडून येणारं गवत बंद करून कुंपणातल्याच गवतावर भागवलं. गवताची काही ददात नव्हती. कमरेइतकं, न चरलेलं, न कापलेलं गवत तिथे होतं, आणि त्याच्याकडे पाहूनच त्यांनी ही जागा निवडली होती. राखणदार लालसू कोसमगुड्याचाच माडिया. त्याला सांगितलं की घरी जायचं नाही, कुंपणाजवळच्या झोपडीत राहायचं. त्याची बायको मंगली पेज आणून दूरच्या मोहाखाली ठेवी आणि तिथूनच ओरडे, "सरकारच्या म्हशीसंग लगन लागलं का तुह्यं? मले सांग, मी दुसरा पाहतो." लालसू उलट ओरडे, "पाह्य. पन पेज आनत जा."

मग एके दिवशी मंगली गंमत न करता पेज ठेवून गेली. लालसूच्या भावाचा बैल पडला होता. त्या आठवड्यात कोसमगुड्यावर गिधाडं फिरू लागली. पहारेकरी म्हणत, गावातून वास येतो. दादाजी रोज सकाळी बल्ल्यांशी उभे राहून वगारीचे डोळे पाहत. डोळे कोरडे होते, नाक ओलं होतं.

ढोल वाजला तो भर दुपारी.

दादाजी झोपडीपुढे बसले होते. ढोल गावात सुरू झाला, पण गावात थांबला नाही. पळसांच्या रांगेतून तो खाली येऊ लागला. पाठोपाठ माणसांचा गलका, पत्र्याचे डबे, पोरांची हाळी.

"हे काय आहे?"

लालसू उभा राहिला होता. "गाव रोग काढून राह्यला, साहेब. झाडून-सारवून साऱ्या घरचा रोग बाहेर नेऊन टाकते."

"कुठी टाकते?"

"शिवेवर."

"अन शीव कुठी आहे?"

 लालसूने पायाखालच्या जमिनीकडे पाहिलं.

 दादाजी स्वतः मूलजवळच्या खेड्यातले, धानवाल्या घरातले. लहानपणी गावात पटकी आली, तेव्हा त्यांच्या आईने घरातला केर फुटक्या सुपात भरून असाच शिवेवर नेऊन टाकला होता, आणि त्या जागेवर पुढे कोणी गुरं नेत नसे, गवत कापत नसे. रोग जिथे टाकला तिथलं गवत कोण कापणार? हे त्यांना ठाऊक होतं. अंगणात तुळस असते हे माहीत असावं तसं ठाऊक होतं. म्हणूनच, खात्याचा नकाशा हातात धरून या कमरेइतक्या गवतात उभे असताना, ते त्यांच्या मनात एकदाही आलं नाही.

"जागा घेतली तेव्हा काऊन नाई सांगितलं?"

"तुमी इचारलं, जागा कोनाची आहे. पुजाऱ्यानं, आमच्या गायत्यानं सांगितलं, कोनाचीच नाई. खोटं नाई सांगितलं त्यानं." लालसू हळू बोलत होता. "आमाले वाटलं, सरकार कोन्या गावचं नाई, शीवबी कोन्या गावची नाई. सरकारले चालते. अन एवढ्या मोठ्या बल्ल्या. रोग आत कसा जाईल?"

मिरवणूक पळसांतून बाहेर आली. पुढे गायता, मागे बाया झिजलेल्या केरसुण्या आणि फुटकी मडकी घेऊन. आणि सगळ्यांच्या पुढे, काठ्यांनी ढोसत आणलेला एक हल्या, गावचा पाळीव रेडा. कपाळाला शेंदूर, गळ्यात चिंध्यांची माळ. ज्या घरात सगळ्यात जास्त गुरं मेली, त्या घरचं चालू शकेल असं शेवटचं जनावर. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळून गालावर काळे ओघळ झाले होते आणि मागचे पाय घाणीने भरले होते.

दादाजी हात आडवे करून पुढे धावले. "इथी नाई. परत न्या त्याले."

 केरसुण्या पडल्या, मडकी फुटली. हल्याच्या पाठीवर शेवटचा फटका बसला आणि गाव एकदम पाठमोरं झालं. ढोल थांबला. मागे वळून न पाहता सगळी माणसं चालू लागली, पोरंसुद्धा. मंगली नवऱ्यापासून हाकेच्या अंतरावर होती, पण तिनेही पाहिलं नाही.

"लालसू, हाकल त्याले. नदीकडं नको, वरती हाकल."

"मले त्याच्या अंगाले हात लावता येत नाई."

"मंग मी गोळी घालतो."

"घालू नका, साहेब." लालसूने पहिल्यांदाच त्यांचा दंड धरला. "तो मेला तं रोग इथीच राह्यते. त्याले चालत जाऊ द्या. तो जाईल तितका रोग जाईल."

दादाजींनी बंदूक आणली नाही. पुढे बापूजींनी विचारलं तेव्हा त्यांनी कारण सांगितलं, की कुंपणाजवळ रक्त सांडायचं नव्हतं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. सुपातला केर टाकून आई मागे न पाहता घरी आली होती, आणि त्यांनी चालताना मागे पाहिलं म्हणून तिने त्यांच्या थोबाडीत मारली होती. गालावरची ती जागा त्या दुपारी गरम झाली होती. त्यांनी एक लांब काठी तोडली आणि हल्याला एकट्याने हाकत टेकडीपलीकडे, दिवस कलेपर्यंत, दूर नेऊन सोडलं.

पण आजारी जनावराला पाणी लागतं, आणि एकट्या जनावराला जात लागते. सकाळी दादाजी कुंपणाशी आले तेव्हा हल्या तिथेच होता. खालच्या अंगाच्या दोन बल्ल्यांच्या फटीत त्याने तोंड खुपसलं होतं. आतून वगार त्याचे गळणारे डोळे चाटत होती. तिने जन्मल्यापासून कुंपणातल्या तिघांखेरीज दुसरं जनावर पाहिलं नव्हतं. ती शेपटी हलवत होती.

हल्या दुपारी मेला. दादाजींनी त्याला खोल पुरलं, वर चुना टाकला, फटीवर फळ्या ठोकल्या. सगळं काटेकोर केलं. नंतर ते रोज वगारीचे डोळे पाहत राहिले, आणि आठवडा उलटायच्या आत एका सकाळी ते ओले दिसले.

बापूजी आले. या खेपेला सायकल त्यांनी दूर ठेवली. आत पाहून म्हणाले, "आईलेबी लागला. रेड्याले आज-उद्या लागेल."

लालसू फाटकाचा अडसर धरून उभा होता. "सोडून द्या, साहेब. रानातली जनावरं आहेत. रानाचा पाला खाऊन बरी होतील. इथी तं मरतेतच."

दादाजी फाटकापाशी गेले. अडसर एका हाताने निघाला असता. वगार अजून चालत होती. दुसरी म्हैस अजून धडधाकट दिसत होती. फाटक उघडलं तर ती नदीकडे जाणार, पलीकडच्या बांबूत, आपल्या कळपात. एखादी जगली असतीही. आणि जाताना ती काय घेऊन गेली असती, हे बापूजींनी सांगण्याची गरज नव्हती.  बापूजी रुमालाने चष्मा पुसत बसले.

दादाजींनी अडसर खिळ्यांनी ठोकून टाकला.

त्याच दिवशी रेडा खाली बसला आणि वगारीची आई हंबरू लागली. गावच्या म्हशीचं हंबरणं वेगळं. हे खालून, जमिनीतून आल्यासारखं येई आणि नदीपर्यंत जाई. रात्र गेली, तरी ती थांबली नाही. सकाळी पहारेकऱ्याने सांगितलं की नदीच्या अलीकडच्या वाळूत खूर उमटलेत. दादाजी जाऊन बघून आले. मोठे, पसरट खूर, आणि सगळ्यांचं तोंड इकडे होतं.

संध्याकाळी उन्हं तिरपी असताना कळप नाल्यापलीकडच्या बांबूतून बाहेर आला. नाल्याच्या त्या काठावर थांबला. पुढे एक म्हातारी म्हैस, अर्धचंद्रासारखी शिंगं, नाक वर. कुंपणापासून ती दगड फेकला तर लागेल एवढ्या अंतरावर होती. आतली म्हैस हंबरली. म्हातारी दोन पावलं पुढे आली.

"यायनं नाक लावलं का संपलं," मुक्कामालाच राहिलेले बापूजी म्हणाले.

दादाजींनी बंदूक आणली आणि हवेत बार काढला. कळप फुटला, बांबूत घुसला, फांद्या मोडल्याचा आवाज झाला. मग सगळं शांत झालं. आतली म्हैस धडपडत उभी राहिली आणि पुन्हा हंबरली, आधीपेक्षा मोठ्याने. थोड्या वेळाने बांबू हलले. म्हातारीची शिंगं बाहेर आली.

लालसू म्हणाला, "ती बोलवून राह्यली तोवर ते येतेतच, साहेब. तिच्या जातीचे आहेत ते."

दादाजींनी बल्लीवर बंदूक टेकवली. आतली म्हैस त्यांच्याकडेच पाहत होती. दोन बार झाले. दुसरी म्हैस पळत कुंपणाला धडकली, तेव्हा तिलाही त्यांनी गोळी घातली. रेडा बसल्या जागी होता, त्याला वेळ लागला नाही. प्रत्येक बाराबरोबर नाल्यापलीकडचा खुरांचा आवाज लांब जात होता. मग तो नदीच्या पाण्यात शिरला आणि पलीकडे निघाला. शेवटी काहीच ऐकू येईना.

वगार तेवढी उभी होती. बाराच्या आवाजाने ती पळाली नाही. माणसांतच जन्मली होती, माणसं काही करतात हे तिला माहीत नव्हतं. ती आईकडे गेली, तिला हुंगलं, आणि मग गळत्या डोळ्यांनी, डुलत डुलत, कुंपणाकडे दादाजींच्या दिशेने चालत आली. दादाजी काडतूस भरेपर्यंत ती अगदी जवळ पोचली होती.