रेघेपर्यंत तेल

मित्रांनो, मी एक जुना एअर क्लीनर आहे. हे वाचून तुमचा चेहरा कोरा राहिला असेल तर वाईट वाटून घेऊ नका, भल्याभल्यांचा राहतो. परवाच घरी आलेल्या एका पाहुण्याने मला फळीवरून उचललं, उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "यात रोप लावलंत तर छान दिसेल, नाही?" त्याच्यावर काय रागवायचं? माझ्या जातीचे आता फारसे उरलेलेच नाहीत. आमच्या मागून ती कागदाची गाळणी आली. मळली की फेकायची आणि दुसरी बसवायची. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय.

तर आधी माझं काम सांगतो. मोटारीला पेट्रोल लागतं हे तुम्हाला माहीत आहे, पण तिला हवाही लागते, आणि रस्त्यावरच्या हवेत धूळ असते. ती धूळ इंजिनात गेली की आतलं लोखंड कानशीने घासल्यासारखं झिजतं. म्हणून इंजिनाच्या डोक्यावर मला बसवतात. मी पत्र्याचा, काळा, पसरट. माझ्या तळाला एक भांडं आहे, त्यात इंजिनाचंच तेल असतं. वर तारेच्या गुंतवळ्याची जाळी असते. हवा माझ्या अंगात शिरते, तेलावर आपटते आणि एकदम वर वळते. हवा हलकी, ती वळते. धूळ जड, तिला वळता येत नाही, ती तेलात पडते. उरलीसुरली जाळीला चिकटते. भांड्याच्या आतल्या बाजूला एक रेघ उमटवलेली आहे आणि तेल त्या रेघेपर्यंतच घालायचं असतं. कमी पडलं तर धूळ निसटते, जास्त झालं तर इंजिन तेलच ओढून घेतं.

ही रेघ मला कारखान्यात मिळाली. छापखान्यासारखा खडखडाट करणाऱ्या एका यंत्राने मला दाबून आकार दिला, आणि टेबलाशी बसलेल्या एका बाईने रेघेवरून अंगठा फिरवून पाहिलं. माणसाचा हात म्हणून तिचा अंगठा तेवढाच काय तो लागला. पुढे मी एका निळ्या गाडीवर बसलो आणि ती गाडी गुरांच्या डॉक्टरांनी घेतली.

डॉक्टर उंच होते, कमी बोलायचे, आणि माणसांपेक्षा जनावरांशी जास्त गोड बोलायचे. त्यांचं काम सगळं आडरस्त्याचं. कुठे गाय अडली, कुठे घोड्याचा पाय सुजला, की गाडी निघाली. एक रस्ता वीटभट्ट्यांवरून जायचा, तिथली धूळ लाल. दुसरा चुनखडीच्या खाणीवरून, तिथली पांढरी, पिठासारखी. ती सगळी मी गिळत होतो आणि इंजिन वर्षानुवर्षं एका सुरात गात होतं.

दर रविवारी सकाळी डॉक्टर मागच्या दाराच्या पायरीवर जुनी वर्तमानपत्रं पसरायचे आणि मला उतरवायचे. माझ्या डोक्यावरचा दोन कानांचा नट हातानेच फिरवायचा आणि मला दोन्ही हातांनी सरळ उचलायचं. तिरकं केलं तर तेल सांडतं. त्यांची एकुलती एक मुलगी शेजारी उकिडवी बसायची. तिला घरात चिमी म्हणत. आज तिची चाळिशी उलटली आहे तरी चिमीच म्हणतात. काळं तेल डब्यात ओतलं की तळाला गाळ दिसायचा. डॉक्टर तो जुन्या लाकडी चमच्याने खरवडायचे, चिमटीत घेऊन चोळायचे आणि तिच्यापुढे धरायचे.

"सांग बघू, या आठवड्यात मी कुठे कुठे गेलो?"

"हे लाल म्हणजे भट्ट्या," चिमी बोट घालून म्हणायची. "आणि हे पांढरं खाणीचं. दोनदा गेलात. पुष्कळ आहे."

"तीनदा. बघ, हे सगळं आपल्या गाडीच्या पोटात गेलं असतं."

मग रॉकेलची अंघोळ. भांडं ब्रशने घासायचं, जाळी रॉकेलमध्ये बुचकळायची, झटकायची, आणि कपड्यांच्या दोरीवर निथळायला टांगायची. पुसायला जुन्या चादरीचा तुकडा, टॉवेल नाही, कारण टॉवेलचे धागे सुटतात. शेवटी नवं तेल, आणि ते घालायचं काम चिमीचं. डॉक्टर तिचा हात हातात धरून बरणी तिरकी करायचे आणि रेघ बुडाली रे बुडाली की मनगट वर उचलायचे. हे सगळं चालू असताना तिची आई दारात उभी राहून म्हणायची, "माझ्या स्वयंपाकघराला एवढं कधी घासलं नाही कुणी." डॉक्टर ऐकू न आल्यासारखं करायचे.

आईबद्दल सांगायलाच हवं, कारण ही गोष्ट खरं म्हणजे तिच्या कानांची आहे. आईची नजर हळूहळू गेली. पण गाडी कोपऱ्यावरच्या वळणाला आली की तिला आवाजावरून कळायचं. रस्त्यावरून दहा गाड्या जायच्या, ती मान वर करायची नाही. आमची वळली की उठायची आणि चाचपडत चहाचं आधण ठेवायची. डॉक्टर हातपाय धुऊन येईपर्यंत चहा तयार असायचा. त्यात कधी चूक झाली नाही. ते इंजिनाचं कौतुक म्हणा, मी मात्र थोडं माझ्याकडेही घेत असे.

एकदाच घोटाळा झाला. पेट्रोल पंपावरच्या एका भल्या माणसाने, डॉक्टर आत बोलत होते तेवढ्यात, बॉनेट उघडून मला काठोकाठ तेल भरलं. त्याचा हेतू चांगला होता. त्याला वाटलं, तेल जितकं जास्त तितकं बरं. अति तेथे माती. चढावर इंजिनाने ते तेल ओढलं, निळा धूर निघाला आणि गाडी गुदमरून बंद पडली. डॉक्टर ज्या गायीकडे निघाले होते ती तोवर वासरासकट गेली. घरी आल्यावर त्यांनी एका कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं, "एअर क्लीनरला माझ्याशिवाय कुणीही हात लावू नये," आणि तो बॉनेटच्या आत चिकटवला. पुढच्या रविवारी कागद बॉनेटमध्ये होता आणि पायरीवर चिमी नेहमीसारखी तेल ओतत होती. ही गोष्ट लक्षात ठेवा. चिमी मात्र ती विसरली.

एका रविवारी डॉक्टरांनी मला असंच धुतलं. चिमीला त्या दिवशी ताप होता म्हणून तेल त्यांनी स्वतःच भरलं. सोमवारी ते भट्ट्यांकडे गेले, मंगळवारी खाणीकडे. बुधवारी दुपारी जेवून खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. मी बॉनेटखाली होतो, मला काय कळणार. रविवारी कुणी आलं नाही तेव्हा मला कळलं.

महिन्याभराने गाडी चिमीने चालवायला घेतली. ती खाणीच्या ऑफिसात कारकून होती आणि रोज त्याच पांढऱ्या रस्त्याने जायची, यायची. पहिल्या संध्याकाळी गाडी वळणावर आली आणि आत घरात आईने उठून आधण ठेवलं. चिमी घरात शिरली तर ओट्यावर दोन कप. चिमीने त्या दिवशी मनाशी पक्कं केलं की काही झालं तरी हा आवाज बंद पडू द्यायचा नाही.

आणि तो टिकवायच्या नादातच तिने तो घालवला.

काही आठवड्यांनी ती गाडी मिस्त्रींकडे घेऊन गेली. मिस्त्री म्हातारे, डॉक्टरांच्या ओळखीचे. त्यांनी नट सैल करून माझ्यात डोकावलं.

"ताई, हे तेल बदलायला झालंय. आत्ताच करून टाकतो."

चिमीने पटकन माझ्यावर हात ठेवला. "नको. बाबांनी स्वतः भरलंय ते."

"असेल. पण आता ते तेल राहिलेलं नाही, चिखल झालाय."

"त्यांच्या शेवटच्या दोन दिवसांची धूळ आहे त्यात, मिस्त्री. खाणीची आणि भट्ट्यांची. ती मी गटारात ओतू?" मग तिने वरच्या कागदाकडे बोट दाखवलं. "आणि हे वाचलंत ना?"

मिस्त्रींनी वाचलं. हात पुसले. "तेल आहे हो ते, भिंतीवर लावायचा फोटो नाही," ते म्हणाले, पण हळू. गेलेल्या माणसाच्या अक्षराशी वाद कोण घालणार? त्यांनी नट पुन्हा आवळला. त्यानंतरही दोनदा त्यांनी विषय काढला. पालथ्या घड्यावर पाणी.

मित्रांनो, चिमी निष्काळजी होती असं समजू नका. ती मला रोज पुसायची. ऑफिसला निघण्याआधी बॉनेट उघडून, चादरीच्या त्याच तुकड्याने, बाहेरून. डोळ्यात तेल घालून ती माझ्यावर लक्ष ठेवत होती आणि माझ्या आत गाळ चढत होता. पहिल्या वर्षी रेघ गाळात बुडाली. दुसऱ्या वर्षी तेल इतकं दाट झालं की ते उसळून जाळीपर्यंत पोचेना. जाळी कोरडी पडली. मग मी कसला एअर क्लीनर? नुसती वाट झालो. पांढरी धूळ माझ्यातून सरळ खाली जायची आणि मला ती जाताना समजायची. इतकी वर्षं जिला अडवलं तिला मी स्वतःच्या अंगातून इंजिनात सोडत होतो. एवढी लाज मला कधी वाटली नाही.

इंजिनाचा सूर आधी घोगरा झाला. मग चढावर ते धापा टाकू लागलं. एका संध्याकाळी चिमी घरात शिरली तेव्हा चूल थंड होती आणि आई खिडकीशी बसून होती.

"आई, चहा नाही ठेवलास?"

"अगं, तू आलीस कधी? कुणाची तरी दुसरी गाडी वाटली मला."

चिमी तशीच परत बाहेर आली आणि गाडीत येऊन बसली. पुष्कळ वेळ बसली. दुसऱ्या दिवशी तिने गाडी मिस्त्रींकडे नेली, पण आता माझ्यासाठी नव्हे. मिस्त्रींनी इंजिन उघडलं, सिलिंडरच्या भिंतीवरून नख फिरवलं आणि मान हलवली. सगळं घासलं गेलं होतं. त्या मापाचे पिस्टन कुणी बनवत नाही. त्यांनी चार ठिकाणी विचारलं, तिने चौदा ठिकाणी. कुठेच मिळाले नाहीत. निळी गाडी मिस्त्रींच्या आवारात भिंतीला टेकून राहिली आणि चिमीने मला तेवढं काढून घरी आणलं. दोन्ही हातांनी, सरळ, तिरकं न करता, गाळासकट.

तिने मला बैठकीत फळीवर ठेवलं. रोज पुसणं चालूच. एकदा दुपारी आई फळी चाचपडत होती, तिचा हात मला लागला. तिने झाकण काढलं, आत बोट घातलं आणि ते जेमतेम पेरभर आत गेलं.

"चिमे, हे काय गं? किती दिवसांचं आहे हे?"

"बाबांनी भरलेलं आहे, आई. तसंच ठेवलंय."

आई बोट पदराला पुसत म्हणाली, "ते हे आठवड्यापेक्षा जास्त कधी ठेवायचे का गं? पावसात भिजून यायचे, तरी रविवारी आधी हे उतरवायचे."

"पण त्यांनीच लिहिलं होतं ना, कुणी हात लावू नये म्हणून."

"ते पंपावरच्या माणसाला होतं, बाळ. तुला नव्हतं. तुझा तर हात धरून शिकवलं होतं त्यांनी."

चिमी रडली नाही. ती उठली, मागच्या पायरीवर वर्तमानपत्रं पसरली आणि मला घेऊन बसली. लाकडी चमचा अजून होता. तिने गाळ खरवडला. वरचा सगळा तिच्या स्वतःच्या येण्याजाण्याचा, पांढरा. अगदी तळाशी लालसर पट्टा होता, बोटभरसुद्धा नाही. तो तिने चिमटीत घेतला आणि चोळला. मग रॉकेल, ब्रश, दोरीवर जाळी. नवं तेल तिने एकटीने ओतलं आणि रेघ बुडताच मनगट उचललं. थेंबही जास्त पडला नाही. इतकं नीट तिच्या बाबांनीही क्वचित केलं असेल.

शेवटी काही शिकवण सांगायची पद्धत असते, म्हणून सांगतो. तुमच्या घरी गेलेल्या माणसाचा हात लागलेली एखादी वस्तू असेल तर ती नुसती वरून पुसू नका. ती वापरा, धुवा, आत साचलेलं काढून टाका. त्या माणसाने तेच केलं असतं. हे मला चिमीला तेव्हा सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मला तोंड आहे, पण ते हवा आत घेण्यापुरतं.

आता मी आतून-बाहेरून लखलखीत आहे. संध्याकाळी वळणावर कुणाची तरी गाडी वाजते, आई मान वर करते, आणि पुन्हा खाली घालते. चिमी दर रविवारी मला फळीवरून उतरवते, पायरीवर बसते, तेल ओतून काढते आणि तळाला बोट लावून उजेडात धरते. बोटाला तेलाशिवाय काही लागत नाही. मी कुठे गेलेलोच नसतो.