सातवं भोक

आमच्या घरी साबण शिंपल्यात असतो. शिंपल्याला भोकं असल्यामुळे पाणी निथळून जातं आणि वडी विरघळत नाही. मिसिसिपीच्या काठावरच्या आमच्या गावात अशा शिंपल्यांचं कुणालाच अप्रूप नाही. पूर्वी इथे शिंपल्यांची बटणं व्हायची. चकत्या कापून उरलेली टरफलं रस्त्याच्या भरावात अजून सापडतात. पण आमचा शिंपला आजोबांनी, ऑटो क्रेब्स यांनी, कापलेला आहे, आणि बाबा तो प्रत्येक पाहुण्याच्या हातात देतात.

"मोजा," ते म्हणतात. "बाकीचे सहा चकत्या काढायचे तिथे माझा बाप सात काढायचा. सातवी ही इथे, सांध्याला लागून. एवढ्या अडचणीत करवत घालायची दुसऱ्या कुणाची छाती नव्हती."

याच आजोबांना गाव संपफोड्या म्हणायचं. बाबांच्या जन्माआधी मोठा संप झाला, तेव्हा म्हणे ते मागच्या दाराने कामावर जायचे. हे बोललं की बाबा खवळायचे. दहा वर्षांचे असताना त्यांनी लेस्टर हाउसरचा दात पाडला. लेस्टरच्या घरचे त्या संपात उघड उघड कामावर गेलेले, आणि वर लेस्टर म्हणाला, "तुझा बाप काय वेगळा होता?" त्याला शहात्तर वर्षं झाली. दोघं एकाच चर्चमध्ये जातात आणि एकमेकांकडे बघत नाहीत.

गावातलं छोटं संग्रहालय आता लेस्टरची मुलगी ट्वायला बघते. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. कारखान्याच्या मागच्या शेडची जमीन उकरली, तर खाली पिंपभर कापलेले शिंपले निघाले होते. ती शेड फक्त संपाच्या काळात चालली होती. क्रेब्सकाकांना बघायचेत का?

"चल डोरीन," बाबा म्हणाले. "त्यात सात भोकांचा एकही निघणार नाही. आता एकेकाचं तोंड कायमचं बंद करतो."

मला राग नव्हता, उत्सुकता होती. लहानपणापासून होती, पण घरात विचारायची सोय नव्हती.

ट्वायलाने लांब टेबलावर शिंपले मांडून ठेवले होते. शेजारी कॉफी आणि रूबार्बचा केक. बाबांनी केकला हात लावला नाही. ते भिंग घेऊन एकेक शिंपला उचलू लागले.

"हा घाईचा हात. हा नवशिका, कडेला किती जागा वाया घालवली बघ. हा... ट्वायला, हा तुझा आजोबा असेल. आळशी."

"काका, केक खाऊन मग शिव्या द्या," ती म्हणाली.

मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाने बघत होते. सहा, सहा, पाच, सहा. मग एक हातात आला आणि मी मोजायच्या आधीच ओळखला. रोज सकाळी अशाच शिंपल्यातून तर साबण उचलते. सांध्याला लागून सातवं भोक, मधली भिंत कागदाइतकी पातळ. मी पटकन त्यावर तळहात ठेवला.

"हात काढ," बाबा म्हणाले.

"बाबा, काही नाही इथे."

"डोरीन, मी शहाऐंशीचा आहे, आंधळा नाही."

मी हात काढला. त्यांनी तो शिंपला उजेडात धरला, सातव्या भोकात करंगळी घालून पाहिली. मला त्यांची फार दया आली. ट्वायला हळूच म्हणाली, "काका, मी काही लिहिणार नाही. पिंपात खूप शिंपले आहेत. एक नसला तर कुणाला कळणार नाही."

"असं कसं? चिठ्ठी आण." बाबा म्हणाले. "ऑटो क्रेब्स. पूर्ण नाव लिही. आणि सात म्हणून लिही. सहा नाही."

तिने लिहिलं. त्यांनी वाचून पाहिलं आणि शिंपला स्वतःच्या हाताने त्या चिठ्ठीशेजारी ठेवला.

"लेस्टर आहे का घरी?"

"आहेत की. का?"

"दाताबद्दल बोलायचं आहे."

"आता सगळी कवळीच आहे, काका. त्यांना तरी कुठे आठवणार कोणता दात ते."

"वरचा, पुढचा, डावीकडचा," बाबा म्हणाले. "मला आठवतंय."