घंटीला न दिलेला निरोप

“बाई, तुम्ही कधी कुणाचं वाईट चिंतलंय?”

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून तिनं विचारलं, विचारताना ऐटीत मानही उडवली, पण मुठीतली चिठ्ठी घामानं मऊ पडली होती. बोटभर कागद. मराठीच्या बाईंचा नियमच होता — दर आठवड्याला बुटांच्या रिकाम्या खोक्यात प्रत्येकीची एक चिठ्ठी. पुढे शब्द, मागे त्याचं वाक्य, आणि वाक्य स्वतःवर गुदरलेलं हवं. या खेपेला शब्द हवे होते दुसऱ्याचं वाईट चिंतणारे.

बाई हसल्या नाहीत. “चिंतलंय की. माझ्या जावेचं. सात वर्षं.”

वर्ग फिसकन हसला.

“हसा, हसा. हेवा सोपा गं, तिच्याकडचं आपल्याला मिळालं की विझतो. मत्सराला तेवढ्यानं भागत नाही, तिचं गेलेलं दिसावं लागतं. आणि आकस… तो धरून ठेवावा लागतो. हात भरून येतात.” बाईंनी खरंच मनगट चोळलं.

प्रश्न विचारणारीच्या चिठ्ठीवर होतं ‘हेवा’. मागे — ‘घंटी माझा हेवा करते.’ घंटी म्हणजे पुढच्या बाकावरची, खणखणीत आवाजाची. तीन वर्षं शाळेतर्फे वक्तृत्वाला तीच जायची. यंदा रविवारी व्हायची निवड शनिवारवर आली, हे कळलं त्या शुक्रवारी घंटी दातांच्या डॉक्टरकडे, आणि निरोप द्यायचं काम, एकाच गल्लीत राहते म्हणून, हिच्याकडे. विसरले, असं तिनं नंतर सगळ्यांना सांगितलं. विसरली?… घंटीच्या दारावरून दोनदा गेली होती ती, आणि दुसऱ्यांदा गॅलरीत हातवारे करत भाषण घोकणारी घंटी वरून ओरडलीसुद्धा होती — “अगं, तुझं पाठ झालं का?” — आणि ही म्हणाली होती, “कुठलं! रविवारी बघू.”

रविवारी.

स्पर्धेची जागा तर हिला मिळाली. मग हेवा विझायला हवा होता ना? मग आज घंटी उतारा वाचायला उठली तेव्हा अडखळ, अडखळ, असं आत कोण म्हणत होतं? मीच की. हल्ली कुणाच्या बापाला न भिणारी मी… घंटी अडखळली नाही. उलट बसताना मागे वळून हसली, आणि त्या हसण्यानं दिवसभर ओझं वाहिल्यासारखं अंग मोडून आलं. चिठ्ठी खोक्यात पडलीच नाही.

संध्याकाळी आई तिच्या नव्या बुटांत नाड्या ओवत बसली होती, स्पर्धेसाठी.

“त्या घंटीकडे लक्ष देऊ नकोस हं. पाण्यात पाहते तुला.”

“बक्षीसच घेऊन या, बाईसाहेब,” बाबा पेपरामागून म्हणाले, “म्हणजे बसेल तिची वाचा.”

ती दप्तरासकट जमिनीवरच बसली. एवढीशी गोष्ट आठ दिवस वागवायची, म्हणजे…

“आई, ती नाही पाहत. मी पाहते तिला पाण्यात. निरोप मी मुद्दाम दिला नव्हता. उद्या बाईंना सांगणार आहे, आणि स्पर्धेला मी जाणार नाही.”

नाडी आईच्या बोटांत तशीच राहिली. पेपर खाली आला. बोलल्यावर मोकळं वाटेल असं तिला वाटलं होतं. पण डोळ्यांपुढे व्यासपीठावर घंटी उभी राहिली, आणि आतलं ते पुन्हा ‘अडखळ’ म्हणालं — फार हळू, दमलेल्या माणसासारखं.