पोटातला निळा

आमचे हे नाकावर माशी बसू देत नाहीत. लंकेतल्या आमच्या रत्नपुरात नीलमाला पैलू पाडणारे पुष्कळ आहेत, पण विजेदासच्या हातचा दगड लांबून ओळखू येतो, असं लोक म्हणतात. लोकांपेक्षा जास्त वेळा हे स्वतः म्हणतात.

इरेशा जन्मली त्या वर्षी खाणीच्या वाट्यातून यांच्या हाती एक कच्चा दगड आला. सुपारीएवढा, एका बाजूने निमुळता, दुसऱ्या बाजूने बोथट. निळा रंग सगळा बोथट टोकाला गोळा झालेला, बाकीचं नुसतं स्वच्छ पाणी. बाहेरचा माणूस असा दगड बघून हळहळला असता. हे मात्र पेढे वाटावेत तसे सगळ्या गल्लीला गुळाचे खडे वाटून आले. कारण निळा बरोबर पोटात, अगदी तळाशी बसवला, तर वरून शिरलेला उजेड त्यावर आपटून निळा होऊन परत येतो आणि अख्खा दगड निळा दिसतो. थेंबभर नीळ बादलीभर पाण्याला पुरते ना, तसंच. "हा इरेशाच्या लग्नात तिच्या बोटात," असं म्हणून यांनी तो कापसात गुंडाळून ठेवला. तेव्हापासून आमच्या घरात त्या दगडाला जेवढं जपलं, तेवढं मला कुणी जपलं नाही.

इरेशाचं लग्न ठरलं, तेव्हा यांचे डोळे गेलेले होते. अगदी आंधळे नव्हे, पण निळा दिसेनासा झाला होता. हे मला कळलं ते बाजारातून. फलील मुदलाली, आमचा जुना व्यापारी, यांनी कापलेला दगड परत घेऊन आला आणि अंगणातल्या उजेडात धरून म्हणाला, "विजेदास अय्या, हा नीलम आहे की शाईची दौत?" यांना निळा फिका दिसायचा, म्हणून हे दगडाचं पोट जाड ठेवत होते, आणि जाड पोटाचा दगड काळाठिक्कर होऊन बसत होता. हे फलीलवरच भडकले. "हल्लीच्या दगडांत जीवच राहिला नाही!" दुसऱ्या दिवशी माझी निळी साडी बघून म्हणाले, "ही हिरवी कधी घेतलीस?" 

"अहो, एकदा डोळे दाखवून या की," मी म्हटलं.

"आणि गावभर बोभाटा करू? पैलू पाडणाऱ्याच्या डोळ्याला सुरी लावली म्हणून? मग माझ्या हातात दगड देणार कोण? चहा कर."

मी चहा केला. भांडले असते तर जिंकले असते, पण हरलेल्या नवऱ्याबरोबर राहायचं मलाच होतं. भीती मात्र जात नव्हती. दगड एकच होता आणि तो एकदाच कापता येणार होता. लेकीचा दगड यांच्या हातून वाया गेला असता, तर हा माणूस पुन्हा दगड घासायच्या चकतीपाशी बसला नसता, हे मला माझ्या नावाइतकं माहीत होतं.

ज्योतिषाने काढून दिलेल्या मुहूर्ताच्या सकाळी मी दूधभात केला. हे पांढरा सारोंग नेसून ओसरीवर बसले, दिव्यावर लाख मऊ केली आणि दगड काडीच्या टोकाला चिकटवला. आमच्याकडे आधी पोट घासतात. म्हणजे पोटाची बाजू बाहेर हवी आणि माथ्याची लाखेत.

यांनी निळं टोक लाखेत रोवलं होतं.

मी बघतच राहिले. आता हे पाण्याचं पोट करणार, निळा वर राहणार, आणि माथा सपाट करताना तो भुकटी होऊन उडून जाणार.

"निळा कुठे आहे हो?" मी हळूच विचारलं.

"हा काय!" त्यांनी अंगठा ठेवला. अंगठ्याखाली नुसतं पाणी होतं.

मला रडू आलं. धुराचं निमित्त करून मी पदर डोळ्यांना लावला. हे उठले, मुहूर्ताला अजून अवकाश होता म्हणून देवापुढे फुलं वाहायला आत गेले. यांची प्रार्थना कधी आटोपशीर नसते, सगळ्या नातेवाइकांची नावं घेतात. त्या दिवशी मी त्या सगळ्या नातेवाइकांचे आभार मानले. काडी दिव्यावर धरली, लाख सुटली, बोटं भाजली, दगड उलटा केला आणि पुन्हा चिकटवला. जन्मभर बघत आले होते, करून मात्र पहिल्यांदाच बघत होते.

हे आले. काडी उचलली. बाहेर आलेल्या टोकावरून अंगठा फिरवला आणि थांबले. मी तांदूळ निवडायला लागले. मग ते खाली बसले, चकतीची कमान ओढली आणि चकती फिरायला लागली.

तेव्हापासून रोज सकाळी, उजेड कोवळा असताना, यांनी एक नवीनच टूम काढली.

"ये गं इकडे. माझ्याशेजारी बसून म्हातारी झालीस, काही शिकलीस का बघू. कसा दिसतोय?"

"मधोमध झोपलाय. आरपार माझं बोट दिसतंय."

"मग काय करायचं?"

"मला काय विचारता? पोट जरा उभं घ्या. उजेड खालून पळून जातोय."

"बरोबर. मला दिसतच होतं, तुझी परीक्षा घेत होतो."

घ्या परीक्षा, मी मनात म्हटलं. चार दिवसांनी दगड जागा झाला. जरासा हलवला की आत लखलख व्हायची आणि काठापासून काठापर्यंत निळा पसरलेला, आमच्या गावच्या नदीवर पाऊस सरल्यावरचं आभाळ असतं तसा. निळ्यातून उजेड खेळत होता, उजेडाने निळा खाल्ला नव्हता. 

हे मात्र पुन्हा चकतीकडे वळले. "अजून निळा आला नाही."

"आलाय."

"कुठे आलाय?"

"अहो, आलाय. आता हात लावाल तर खबरदार."

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "खरंच?"

ही परीक्षा नव्हती. एवढ्या संसारात त्यांनी मला दगडाबद्दल असं कधी विचारलं नव्हतं.

"खरंच," मी म्हटलं. त्यांनी कमान खाली ठेवली.

लग्नात फलील मुदलालीने इरेशाचा हात धरून मांडवाबाहेर उन्हात नेला. बराच वेळ बोट इकडेतिकडे फिरवून बघितलं. "विजेदास अय्या, खरं सांगा, कुणाकडून कापून घेतलात?"

मी मान खाली घातली.

"कापला मी," हे सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले. "पाहिला हिने."

पाहुणे हसले, त्यांना थट्टा वाटली. हे माझ्या कानाशी आले. "आणि पहिल्या दिवशी लाख केवढी थापलीस गं! चुलीला माती लिंपतात तशी."

"तुम्हाला कळलं होतं?"

"डोळे गेलेत, हात नाही गेले." मग म्हणाले, "लेक सासरी गेली की डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. तू आत येणार असशील तरच."

मी आत गेले. त्यांनी माझा हात सोडला नाही, डॉक्टरांना नर्सकडून सोडवून घ्यावा लागला.

मोतीबिंदू काढून डोळ्यावरची पट्टी निघाली, तेव्हा इरेशा माहेरी आली होती. यांनी तिला सकाळच्या उजेडात ओसरीवर बसवलं आणि अंगठी बघत राहिले. गालावरून पाणी ओघळलं, ते पुसलंही नाही. मग कपाळाला आठी पडली.

"कडेचा एक पैलू वाकडा आहे."

"माहीत आहे."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर घासत बसला असतात. निळा गेला असता."

 माझी हनुवटी धरून त्यांनी माझा चेहरा उजेडाकडे वळवला, दगड वळवतात तसाच.

"अगं, आणि हे केस? इतके पांढरे कधी झाले? तेही नाही सांगितलंस."

"तेही घासत बसला असतात," मी म्हटलं.