शुक्रवारच्या शुभेच्छा

"काका, चुकलं काय त्याच्यात? रंग नाही आवडला काय?" फोनवरून येणाऱ्या नगरसेवक गोपालभाऊंच्या आवाजात खरीखुरी काळजी होती.

मनोहर साळवे चर्चच्या फाटकासमोर उन्हात उभे होते. मंडळीच्या सेक्रेटरीपदाचा भार ते अकरा वर्षे वाहत होते. फाटकाच्या दोन खांबांना बांधलेला फ्लेक्स त्यांच्या मस्तकावर ताणलेला होता. 'गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा!' अक्षरांभोवती फुगे, मधोमध वधस्तंभ, एका अंगाला हात जोडलेले गोपालभाऊ आणि खाली एका ओळीत मंडळीतील बारा जणांचे गोल फोटो. नाताळच्या स्नेहभोजनात टिपलेले ते सारे चेहरे हसत होते. पाचवा चेहरा पुंजाजी तायड्यांचा होता. पुंजाजींना फेब्रुवारीतच मूठमाती दिली होती.

"रंग चांगला आहे भाऊ," मनोहरराव म्हणाले. "पण आज आमचा सण नसते. प्रभूले आज वधस्तंभावर दिलं. घरात मयत झाल्यासारखा दिवस असते हा. उपास असते."

"आता घ्या! सुट्टी असते तं मले वाटलं, सणच हाये. मंग दुसरा छापून आणतो ना. भावपूर्ण श्रद्धांजली लिवू काय?"

"नको, नको. श्रद्धांजली नको. परवा पुनरुत्थान आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे रविवारी ते पुन्हा उठतात."

"मंग तं शुभेच्छाच बऱ्या ना काका! दोन दिवस आधी दिल्या, एवढंच."

मनोहररावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. गोपालभाऊंनीच समजूतदारपणे विषय मिटवला. "तुमाले नको असन तं काढून टाका. मले राग नाही. आपली मानसं तुमी."

जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात मनोहररावांनी चौतीस वर्षे लेखणी चालवली. दरवर्षी या शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी सहकारी त्यांचा हात हाती घेऊन अभिनंदन करीत. एका वर्षी तर कुणी जिलेबी आणली होती. ती त्यांनी घरी नेऊन शेजारी वाटून टाकली. चूक त्यांनी कधी दाखवली नाही. त्या शुभेच्छांमागे स्नेह असे, हे तर खरेच. परंतु समजावून सांगणे म्हणजे आपल्याच गावात पुन्हा एकदा पाहुणे होणे, हे त्यांना फार लवकर कळले होते. आणि त्या समजावण्याचा त्यांना मनस्वी थकवा येई.

आज मात्र इलाज नव्हता. बारा वाजता उपासना सुरू व्हायची होती आणि तिला पुंजाजींची विधवा पार्वताबाई येणार होती. पतीच्या मृत्यूनंतरचा तिचा हा पहिलाच उत्तम शुक्रवार. हसणारा पुंजाजी आणि त्याच्यावर हार्दिक शुभेच्छा, हे तिच्या दृष्टीस पडता कामा नये, एवढेच मनोहररावांनी मनाशी धरले होते. त्यांनी आतून स्टूल आणले, विळा आणला आणि वर चढून एका बाजूची दोरी कापली. फ्लेक्सची ती बाजू सळसळत खाली आली.

"काय करून राहिले जी, सेक्रेटरीसाहेब?"

पांढरे लुगडे नेसलेली पार्वताबाई फाटकात उभी होती. अजून अकराही वाजले नव्हते.

"काही नाही बाई. भलतंच लावून गेले. तुम्ही आत जा, पंख्याखाली बसा."

"घरी बसवलंच नाही जी, म्हून निंगाली." बोलता बोलता तिने लोंबणारी कड हातात धरली आणि सरळ केली. मग पाचव्या फोटोवर बोट टेकले. "हा तं आमचा मानूस हाये."

मनोहरराव स्टुलावरून उतरले. "माफ करा बाई. तुमच्या नजरेस पडू नये म्हणूनच मी..."

"केवढा मोठा केला! घरी निरा आधार कार्डावरचा फोटू हाये, त्याच्यात तं चोरावानी दिसते. इथं पाहा कसा दात काढून राहिला. दोन डाव भात घेतला होता त्या दिवशी."

"बाई, वर काय लिहिलंय ते..."

"वाचलं मी. राहू द्या जी."

"मग फोटो तेवढा कापून देतो तुम्हाला. घरी लावा."

"नोका कापू." तिने कड छातीशी घेतली. "दोन महिन्यांपासून एकटाच हाये तो तिकडं. इथं बारा जनाईत बरा दिसते."

मनोहररावांनी दोरी पुन्हा खांबाला बांधू पाहिली. कापल्यामुळे ती वीतभर अपुरी पडत होती. दुसरी दोरी शोधायला जावे, तर एप्रिलच्या वाऱ्यात फ्लेक्स फाटला असता. ते दोरीचे टोक धरून उभे राहिले.

बाराच्या सुमारास मंडळी आली. पांढऱ्या वेषातील माणसे वर पाहत, मग मनोहररावांकडे, मग फाटकाच्या पायरीवर बसलेल्या पार्वताबाईकडे पाहत, आणि मुकाट्याने आत जात. पाळकसाहेब तेवढे थांबले.

"साळवेसाहेब, तिसरा उद्गार तुमच्याकडे आहे."

वधस्तंभावरून प्रभूने काढलेल्या सात उद्गारांपैकी हा तिसरा, आपल्या आईला शिष्याच्या हाती सोपवणारा; एकोणीस वर्षे त्यावर मनोहररावच बोलत आले होते. या वर्षीची चार पाने त्यांच्या खिशात घडी करून ठेवलेली होती.

"आज दुसऱ्या कोणाला द्या," ते म्हणाले आणि मोकळ्या हाताने ती पाने त्यांनी पाळकांपुढे धरली.

"बाई, तुम्ही तरी आत चला," पाळक म्हणाले.

"मी इथंच बरी हावो. आयकू येते सगळं."

आत पहिले वाचन सुरू झाले. फ्लेक्सची सावली पार्वताबाईच्या डोक्यावर पडली होती. डोळे मिटून, मांडीवर हात ठेवून ती ऐकत होती. ऊन हळूहळू कलू लागले तशी सावली सरकू लागली. आणि दोरी मुठीत घट्ट धरून मनोहरराव, ती तिच्या डोक्यावरच राहावी म्हणून, एकेक पाऊल सरकत राहिले.